चाल, बाज आणि नाव : एका रॉक समूहाच्या श्रोत्यांतील दुफळी

एखादा गायकसमूह लोकप्रिय होतो, त्याचे गाणे श्रोत्यांच्या अंगवळणी पडते, आणि मग एके दिवशी तो समूह निराळ्या तऱ्हेने गाऊ लागतो. श्रोत्यांत तत्काळ दोन तट पडतात. हे आता पूर्वीचे राहिले नाहीत, असे एक तट म्हणतो. हेच त्यांचे खरे रूप, असे दुसरा म्हणतो. हा वाद संगीतसमीक्षकांचा आहे असे समजून भाषाभ्यासकाने तो सोडून द्यावा, असे मला वाटत नाही. 'खरे', 'मूळचे', 'बिघडले', 'विकले गेले' हे त्या वादातील शब्द आपण भाषाशुद्धीच्या चर्चेत फार दिवस ऐकत आलो आहोत. भाषा बदलते, बिघडत नाही, असे आपण वर्गात सांगतो. विधान बरोबरच आहे. परंतु ते एकदा सांगून टाकले म्हणजे तक्रार करणाऱ्यास नेमके काय खटकले हे विचारण्याची जबाबदारी संपली, असा आपला समज झालेला दिसतो. ती तक्रार अज्ञानमूलक नसून पुष्कळदा सूक्ष्म श्रवणातून आलेली असते, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणावरून दाखवावयाचे आहे.

इंग्रजी बोलणारे रसिक अशा वेळी समूहाचा 'साउंड' बदलला असे म्हणतात. मराठीत 'ध्वनी' म्हटले तर पदार्थविज्ञान डोळ्यांपुढे येते, 'आवाज' म्हटले तर गळा, आणि 'सूर' म्हटले तर सप्तकातील स्थान. मराठीजवळ त्या अर्थाचा शब्द नाही असे मात्र नव्हे. तिच्याजवळ एकाऐवजी दोन शब्द आहेत, आणि या दोहोंतील भेद इंग्रजी शब्दाने झाकून टाकला आहे. पहिला शब्द 'चाल'. जुन्या संगीत नाटकाचे कोणतेही छापील पुस्तक उघडावे. पदाच्या माथ्यावर 'चाल' असे लिहून ज्या गाण्यावर ते पद बांधले त्याचे आरंभीचे शब्द दिलेले असतात. किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'पासून (१८८२) ही वहिवाट आहे. चाल उसनी घेता येते, तिचे नाव सांगता येते, आणि उसनी घेतली म्हणून कोणी चोर म्हणत नाही.

दुसरा शब्द 'बाज'. (खाट आणि ससाणा या अर्थांचे 'बाज' शब्द येथे अभिप्रेत नाहीत, हे सांगावयास नकोच.) तबल्यात दिल्लीचा बंद बाज आणि पूरबचा खुला बाज असे आपण म्हणतो, बोल तेच असले तरी आघाताची जागा, नादाची लांबी आणि बोटांची ठेवण यांनी ते निराळे ऐकू येतात. बाज म्हणजे आघात, लय, आवाजाची जात आणि वाद्यांचा परस्परांशी असलेला व्यवहार यांचा एकत्रित परिणाम. तो छापील पुस्तकाच्या माथ्यावर दाखविता येत नाही. भाषेतील उपमा द्यावयाची तर चाल ही वाक्याच्या ठिकाणी आहे आणि बाज हा हेलाच्या ठिकाणी. गावकरी माणूस अंधारात ओळखतो तो दुसऱ्याच्या वाक्यावरून नव्हे, हेलावरून.

आता उदाहरण. मी जो समूह निवडला आहे तो इंग्लंडातील 'द हू' हा होय. लंडनच्या पश्चिम भागात वाढलेल्या तरुणांचा हा चौघांचा रॉक समूह १९६४ मध्ये आकारास आला. पीट टाउनशेंड हा गीतरचनाकार आणि गिटारवादक, रॉजर डाल्ट्री हा गायक, जॉन एंटविसल हा बास गिटार वाजविणारा आणि कीथ मून हा ढोलवादक. १९६७ पासून त्यांच्या मुद्रिका इंग्लंडात 'ट्रॅक' या, त्यांच्याच व्यवस्थापकांनी काढलेल्या स्वतंत्र संस्थेतर्फे निघत. मराठी पत्रिकेत हा समूह का, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर अहिल्यानगर शहराच्या दक्षिणेस, दौंडच्या रस्त्यालगत अरणगाव येथे आहे.

अरणगावी पहिल्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीच्या काही इमारती उरल्या होत्या. मेरवान शेरियार इराणी, म्हणजेच मेहेरबाबा, हे पुण्यात १८९४ साली जन्मलेले सत्पुरुष १९२३ मध्ये तेथे आले आणि त्या जागेस मेहेराबाद हे नाव पडले. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धरले आणि ते अखेरपर्यंत सोडले नाही. १९२७ पासून ते अक्षरफलकावरील इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून संभाषण करीत. १९५४ मध्ये फलकही टाकून केवळ हातांच्या खुणांवर त्यांनी व्यवहार चालविला. (हाताच्या खुणांची ती पद्धती, आणि ती वाचून दाखविणाऱ्या शिष्यांचे दुभाषेपण, हा एखाद्या स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.) ३१ जानेवारी १९६९ रोजी जिल्ह्यातीलच मेहेराझाद येथे त्यांचा देहान्त झाला आणि अरणगावच्या टेकडीवर त्यांची समाधी झाली. त्या प्रसंगी त्यांच्या आवडीचे 'बिगिन द बिगीन' हे कोल पोर्टरचे १९३५ सालचे अमेरिकन नृत्यगीत ग्रामोफोनवर लावण्यात आले होते. अहमदनगर जिल्ह्याच्या (हे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर असे बदलले) संगीतेतिहासात या गोष्टीची नोंद कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही, करावयास हवी.

टाउनशेंड १९६७च्या सुमारास एका चित्रकार मित्राच्या द्वारा मेहेरबाबांच्या शिकवणुकीकडे वळला. त्याची बाबांशी भेट कधीच झाली नाही. समाधीच्या दर्शनास तो १९७२ मध्ये आला. 'द हू'चा बाज ज्या काळात बदलला तो नेमका हाच काळ. बदलाचे कारण केवळ हेच, असे म्हणणे भोळेपणाचे होईल. नवी यंत्रे, अमेरिकेतील मोठी प्रेक्षागृहे, दीर्घ ध्वनिमुद्रिकेचे वाढते महत्त्व ही कारणेही तितकीच खरी आहेत. तथापि रचनाकाराच्या मनात एक श्रद्धास्थान उभे राहिले होते आणि त्याच्या श्रोत्यांना त्याचा पत्ता नव्हता, ही वस्तुस्थिती पुढील सर्व वादाच्या मुळाशी आहे.

आरंभीचा बाज कसा होता? 'माय जनरेशन' हे १९६५चे गीत घ्या. डाल्ट्री ते तोतरे बोलल्यासारखे गातो. शब्दाचे पहिले व्यंजन अडखळते, पुन्हा येते, मग शब्द फुटतो. तोतऱ्या माणसांचा अवमान होईल म्हणून बीबीसीने ते लावण्यास आरंभी नकार दिल्याचे सांगतात. या अडखळण्यात त्या वेळच्या 'मॉड' नावाच्या तरुण वर्गाने आपले बोलणे ऐकले. नीटनेटके कपडे, स्कूटर, रात्रभर नृत्य, आणि मनातले नीट सांगता न येण्याची चीड, असा हा वर्ग. गाण्याची चाल साधीच आहे. तोतरेपणा, पुढे घुसणारा बास आणि कोठेही स्वस्थ न बसणारा मूनचा ढोल मिळून तो बाज झाला होता, आणि मॉड मुलांच्या लेखी समूहाचे नाव म्हणजे हा बाज होता.

१९६९च्या मे महिन्यात 'टॉमी' ही दोन तबकड्यांची संगीतिका निघाली. तिचा नायक आंधळा, बहिरा आणि मुका मुलगा आहे. मुद्रिकेच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचे नाव 'अवतार' म्हणून छापलेले आहे. तोतऱ्या वक्त्याकडून मुक्या नायकाकडे आणि पडद्यामागे मौनी गुरूकडे झालेला हा प्रवास कोणाही भाषाभ्यासकाच्या ध्यानात भरण्यासारखा आहे. मात्र त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. श्रोत्यांत मतभेद झाले ते निराळ्या कारणाने. 'पिनबॉल विझर्ड' हे त्यातील गीत बीबीसीच्या एका निवेदकास अभिरुचिहीन वाटले. दुसरीकडे ही कृती लंडनच्या कोलिझियममध्ये डिसेंबर १९६९ मध्ये आणि न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहात जून १९७० मध्ये सादर झाली. रॉक संगीतास प्रतिष्ठा मिळाली म्हणून एक पक्ष हर्षला. ज्यांनी या मुलांना हॅरोच्या खाणावळीतील दालनात गिटार फोडताना पाहिले होते, त्यांना ऑपेरागृहातील हे आदरातिथ्यच संशयास्पद वाटले. या दुसऱ्या पक्षास मी प्रतिगामी म्हणणार नाही. प्रतिष्ठा मिळाली की हेल बदलतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते; आपल्याकडे गावचा मुलगा शहरात शिकून परत आला की घरची माणसे प्रथम हेच ऐकतात.

गंमत अशी की शिष्य आणि गुरू यांच्यातील बिघाड हा 'टॉमी'च्या कथेतच आहे. टॉमी बरा होतो, लोक त्याच्यामागे जमतात, तो त्यांना आपल्यासारखे होण्याचा मार्ग सांगू लागतो, आणि अखेरीस तेच अनुयायी त्याच्याविरुद्ध उठतात. रचनाकार श्रोत्यांच्या दुफळीविषयी श्रोत्यांच्या आधीच विचार करू लागला होता.

यानंतर जे घडले त्यातून चाल आणि बाज यांचा भेद स्वच्छ दिसतो. फेब्रुवारी १९७० मध्ये लीड्स विद्यापीठात झालेल्या कार्यक्रमाची मुद्रिका त्याच वर्षी निघाली. मूळ तबकडीवर सहा गाणी आहेत, आणि त्यांपैकी तीन परक्यांची: मोझ ॲलिसनचे 'यंग मॅन ब्लूज', एडी कॉकरनचे 'समरटाइम ब्लूज' आणि जॉनी किडचे 'शेकिन ऑल ओव्हर'. 'माय जनरेशन' तर तेथे सुमारे पंधरा मिनिटे चालते आणि त्यात 'टॉमी'तील तुकडेही मिसळतात. म्हणजे अर्ध्या चाली उसन्या आणि उरलेल्यांपैकी एक ओळखू न येण्याइतकी ताणलेली. तरीही हीच खरी 'द हू' असे जुन्या श्रोत्यांचे मत पडले, आणि ते आजही पुष्कळांचे आहे.

आता ऑगस्ट १९७१ची 'हूज नेक्स्ट' पाहा. तिच्या आरंभीचे 'बाबा ओ'रायली' हे गीत टाउनशेंडचे स्वतःचे आहे. शीर्षकातील 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा आणि 'रायली' म्हणजे अमेरिकन रचनाकार टेरी रायली. गीताच्या शब्दांत मात्र हे दोन्ही कोठेच येत नाहीत, त्यामुळे असंख्य श्रोते ते गीत ध्रुवपदातील शब्दांनीच ओळखतात. आरंभी जो अविरत झुळझुळणारा स्वरसमूह ऐकू येतो तो लॉरी जातीच्या विद्युत् ऑर्गनच्या पुनरावर्तनाच्या योजनेतून निघालेला आहे. शेवटच्या 'वोन्ट गेट फूल्ड अगेन' मध्ये ऑर्गनचा नाद सिंथेसायझर यंत्रातून खंडित करून घेतला आहे. मुद्रिकेचे स्वागत उत्तम झाले. तिला नावे ठेवणारा पक्ष लहान होता. दुमत झाले ते रंगमंचावर. तेथे हा नाद ध्वनिफितीवरून सोडावा लागे, आणि जो कधी कोणाच्या लयीत बांधला गेला नव्हता त्या मूनला कानांवर श्रवणयंत्र चढवून फितीबरोबर ढोल वाजवावा लागे. १९७३च्या दौऱ्यात फिती वेळेवर जुळेनात. न्यूकॅसल येथे टाउनशेंडचा संताप प्रेक्षकांसमोरच अनावर झाला आणि नव्या कृतीतील काही गाणी कार्यक्रमातून गाळावी लागली.

लीड्स येथे परकी चाल स्वतःच्या बाजात आली आणि ती आपली ठरली. १९७३ मध्ये स्वतःची चाल परक्या बाजात आली आणि ती संशयास पात्र झाली. यावरून श्रोत्यांचा आक्षेप नव्या गाण्यास नव्हता हे उघड होते. त्यांचा कान वाद्यांच्या परस्परव्यवहारावर होता. चौघे माणसे एकमेकांना अडवीत, ढकलीत वाजवीत होती. आता चौघेही एका यंत्रास अनुसरू लागली. 'बिघडले' हा त्यांचा शब्द शास्त्रीय नसेल, परंतु त्याने दाखविलेली जागा अचूक आहे.

मराठी रंगभूमीवर हाच भेद पूर्वी दिसून गेला आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीवरील चाली आपल्या नाटकांत आणल्या, आणि साकी-दिंडीच्या वळणावर वाढलेल्या कानांना त्या खटकल्या. चाली उसन्या म्हणून त्या खटकल्या नाहीत. किर्लोस्करांच्याही उसन्याच होत्या. त्या चालींबरोबर दुसऱ्या भाषेची लय आली आणि मराठी शब्द तिच्यात कोंबावे लागले, हे खटकले. १९११ मध्ये 'मानापमाना'साठी गोविंदराव टेंब्यांनी ख्याल-ठुमरीच्या अंगाच्या चाली दिल्या आणि पद हे संवादाचा भाग न राहता स्वतंत्र मैफलीचा विषय होऊ लागले. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात केशवराव भोळ्यांनी ते पुन्हा आटोपशीर केले, आणि १९६४च्या 'मत्स्यगंधे'त जितेंद्र अभिषेकींनी त्यास आणखी निराळे वळण दिले. प्रत्येक वेळी हे नाट्यसंगीत आहे की नाही हा प्रश्न निघाला, आणि दर वेळी तो प्रश्न बाजाचाच होता. 'नाट्यसंगीत' हे नाव मात्र तेच राहिले.

येथे नावाचा प्रश्न येतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'द हू' हे नाव व्याकरणदृष्ट्या विलक्षण आहे. प्रश्नार्थक सर्वनामास निश्चित उपपद लावून केलेले ते विशेषनाम आहे. मराठीत सांगावयाचे तर 'ते कोण' असे काहीतरी. 'टॉमी' इतकी गाजली की समूहाचेच नाव टॉमी आहे असा काहींचा समज होऊ लागल्याची कुरकुर टाउनशेंडने केली आहे. विशेषनाम व्यक्तीचा निर्देश करते, गुणांचा नव्हे, असे आपण तर्कशास्त्रात शिकतो. श्रोता ते तसे वापरीत नाही. एका तटाच्या तोंडी हे नाव चार माणसांचा निर्देश करते. ती काहीही वाजवोत, नाव लागू आहे. दुसऱ्या तटाच्या तोंडी ते जवळजवळ सामान्यनाम झालेले असते आणि एका विशिष्ट बाजाचा निर्देश करते. तो बाज नसेल तर तीच माणसे समोर असूनही नाव लागू पडत नाही. दोघे एकच शब्द उच्चारतात आणि दोन निराळ्या वस्तूंविषयी भांडतात. त्यामुळे कितीही पुरावा आणला तरी वाद मिटत नाही.

७ सप्टेंबर १९७८ रोजी मून वारला आणि हा प्रश्न उघड्यावर आला. त्याच्या जागी केनी जोन्स आला. तो 'स्मॉल फेसेस' या दुसऱ्या मॉड समूहातला, उत्तम आणि नेमका वादक. १९८१च्या 'फेस डान्सेस' या मुद्रिकेत त्याचा ढोल मोजका, स्वच्छ वाजतो, आणि जोन्स या समूहास योग्य नाही असे खुद्द डाल्ट्रीनेही जाहीरपणे म्हटले. येथे श्रोत्यांतील दुफळी समूहातच शिरली. आपल्याकडे १९१३ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळी सोडून गेले तेव्हा किर्लोस्कर हे नाव जुन्या मंडळीकडे राहिले, पण प्रेक्षकांचा मोठा ओघ नव्या गंधर्व मंडळीकडे गेला. मराठी प्रेक्षकाने नावास सोडले आणि आवाजास धरले. इंग्रज श्रोत्यास तशी सोय नव्हती. त्याचा ढोलवादक दुसऱ्या मंडळीत गेला नव्हता, मरण पावला होता.

या सर्व प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा १९७३च्या 'क्वाड्रोफेनिया' या कृतीत आहे. तिचा नायक जिमी हा १९६५च्या सुमाराचा मॉड मुलगा आहे. 'द पंक अँड द गॉडफादर' या गीतात तो आपल्या लाडक्या समूहाचा कार्यक्रम पाहतो आणि त्याचा भ्रमनिरास होतो. तुम्ही आमच्यावरूनच घडलात, आम्ही नसतो तर तुम्ही कोण, असा त्याच्या आरोपाचा आशय आहे. आणि मागून 'माय जनरेशन'मधील ते जुने तोतरेपण क्षणभर ऐकू येते. म्हणजे बदललेल्या समूहाने, बदललेल्या बाजात, स्वतःच्याच नाराज श्रोत्याचे म्हणणे गाऊन दाखविले आहे. आरोपाचे खंडन टाउनशेंडने केलेले नाही. गायक उत्तर देतो ते थकल्यासारखे. मला ही जागा 'टॉमी'तील कोणत्याही जागेपेक्षा श्रेष्ठ वाटते.

याच सुमारास, १९७२च्या अखेरीस, टाउनशेंडची स्वतंत्र मुद्रिका निघाली. तिचे नाव 'हू केम फर्स्ट' असे, म्हणजे पुन्हा त्या सर्वनामावर श्लेष. मुळात मेहेरबाबांच्या अनुयायांपुरत्या काढलेल्या मुद्रिकांतील साहित्यावर ती आधारलेली होती. तिच्यातील 'परवरदिगार' हे गीत म्हणजे मेहेरबाबांनी १९५३ मध्ये अक्षरफलकावरून सांगितलेली प्रार्थना. चालीत बसण्यासाठी तिच्या शब्दांत थोडा फेरफार केलेला आहे. शब्द फारसी, पालनकर्ता या अर्थाचा. हिंदी-उर्दूतील 'परवरिश' त्याच धातूतून आलेला. मुद्रिकेवरील नाव पाहून 'द हू'चा गडगडाट ऐकण्याच्या अपेक्षेने ज्यांनी ती घेतली असेल, त्यांच्या हाती संथ गिटार आणि प्रार्थना आली. अरणगावच्या समाधीपुढे हीच प्रार्थना सकाळ-सायंकाळ म्हटली जाते. तेथे तिला गिटारची साथ लागत नाही, आणि ती ऐकणाऱ्यांत बाजावरून वाद झाल्याचे ऐकिवात नाही. कारण तेथे नाव बाजास चिकटलेले नाही.

आपल्या जिल्ह्यात या दृष्टीने काम करण्यास भरपूर वाव आहे. लग्नाच्या वरातीत सनई-ताशाच्या जागी बँड आला, बँडच्या जागी बेंजो पार्टी आणि तिच्या जागी डीजे. चाली पुष्कळदा त्याच राहिल्या. पन्नाशीपुढील माणसे या बदलाविषयी कोणते शब्द वापरतात, 'गोंगाट', 'दणका', 'वाजवणं' आणि 'लावणं' यांत ती कोठे भेद करतात, भजनी मंडळात पेटीच्या जागी कीबोर्ड आला तेव्हा कोण उठून गेले आणि कोण बसून राहिले, याची नोंद संगमनेर, पारनेर, पाथर्डी अशा दोन-तीन तालुक्यांत जरी झाली तरी पुरे. प्रश्नावलीत 'आवडले काय' हा प्रश्न घालू नये. 'याला काय म्हणता' असे विचारावे, आणि उत्तर जसे येईल तसे, हेलासकट, ध्वनिमुद्रित करून ठेवावे.